उजवा कासरा

गाडी गावात आणली तेव्हा किती धावते हे कुणी विचारलं नाही.
विचारलं, एवढी ठेंगणी गाडी आपल्या नाल्यातून निघाली कशी.
लाल, दोन माणसांची, बसलं की गुडघे छातीशी.
मामा म्हणाला, "हे गाडी हाय का खाट? निजून चालवाची काय?"

शालिकमामा.
आर्वीपासून मोर्शीपर्यंतच्या शंकरपटांत
वीस वर्षं छकडा हाकलेला धुरकरी.
डावा पाय आता नीट टेकत नाही.
"तू करतं काय वो बाई त्या कंपनीत?"
दर दिवाळीला हाच प्रश्न.
दर दिवाळीला मी सांगायचे, ब्रेकचं सॉफ्टवेअर, मामा,
आणि तो चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागायचा.

या वर्षी त्याला पटाच्या मैदानावर नेलं.
तुळशीच्या लग्नाआधीचे दिवस, मैदान रिकामं,
दवानं बसलेला मुरूम,
कडेला कुणाची तरी सोयाबीनची गंजी.

आधी बटण दाबून ते बंद केलं.
शौकीन लोक पहिल्यांदा हेच करतात.
म्हणतात, मधे कुणी नको. मी आणि रस्ता.
डावीकडं वळवलं, पाय जरासा जास्त दिला,
आणि मागची चाकं आम्हाला विचारेनाशी झाली.
गंजी, लिंब, शाळेची टाकी, पुन्हा गंजी.
थांबलो तेव्हा आलो त्याच वाटेकडं तोंड,
आणि मागची चाकं गंजीच्या कोपऱ्यात.

मामा बोलला नाही. डावा गुडघा धरून बसला.
मला माहीत होतं तो कुठं गेला होता:
पाखऱ्या डावीकडं ओढत चाललेला,
उजवा कासरा हातातून सुटला तो क्षण,
मग चाक.

बटण पुन्हा दाबलं.
तेच वळण, तोच वेग, तेवढाच पाय.
मागचा भाग निसटायला निघाला, निघालाच,
आणि खालून घर्रर्र, जात्यात खडा आल्यासारखं.
काट्यांमधे पिवळा दिवा लुकलुकला.
गाडी अंग चोरून सरळ झाली.

"कोन वढलं?"
पुढचं उजवं चाक, म्हटलं, तेवढं एकटंच धरलं,
सोडलं, परत धरलं, पापणी लवायच्या आत.
"उजवा कासरा," तो म्हणाला.
अकरा वर्षं मी हेच समजावत होते.

मग त्यानं असं विचारलं, जे माझ्या साहेबानं कधी विचारलं नाही.
"त्याले डोये हायत?" नाहीत.
"मंग समजते कसं?"
दोन सीटांच्या मधे बोटभर तुकडा आहे,
गाडी खरंच किती वळतेय ते त्याला कळतं.
स्टिअरिंग सांगतं, कुठं जायचं होतं.
दोन्हींत फरक पडला की...
"म्हंजे बुडानं समजते. बराबर. आमालेबी बुडानंच समजे.
थकते?" नाही.
"इनामाचं लालूच?" नाही.
"मंग माह्यापेक्षा बरा हाय."

खरं होतं तेही सांगितलं.
जमिनीनंच चाक सोडलं तर त्याचाही इलाज नाही.
आहे तेवढी पकड तो राखतो, नवी आणत नाही.
फार माजून आलास तर नाल्यातच जाशील,
फक्त सरळ तोंडानं.
"बैलच बसला त कासरा काय करन," मामा हसला.

कंपनीत आम्ही सगळं मोजतो, अंश, मिलिसेकंद.
न झालेला अपघात मोजायला काही नाही.
माणूस घरी जातो, हात धुतो, ताटावर बसतो,
म्हणतो, आज वळणावर गाडी जरा हलली,
पण सांभाळली मी.
म्हणू दे.

चंद्रकलाकाकू झाडू घेऊन बांधावरून आली.
विस्कटलेल्या शेंगांचे मी पैसे काढले.
तिनं हात झटकला.
"पैसे ठेव. आनखी दोन चक्कर मार यावरून,
तेवढीच मळनी होते."

मामानं पट्टा परत लावला.
उजवी मूठ मांडीवर ठेवली,
आवळलेली नाही, सैलही नाही,
कासरा हातात असताना असते तशी.