तेविसावा खंड

त्या हिवाळ्यात कुताइसीला वीज
आली तर पाहुण्यासारखी यायची,
बूट न काढता, उभ्याउभ्या.
इतिहास विभागात एकच शेगडी, पत्र्याची,
तिचं नळकांडं फुटक्या तावदानातून बाहेर काढलेलं,
आणि आम्ही अकरा जण
कोट-टोप्या-हातमोज्यांसकट
एकोणिसावं शतक शिकत होतो.

जानेवारीत सरपण संपलं.
आधी बाकं गेली, मग फळ्याची चौकट,
मग नुगझार सर म्हणाले,
पक्षाच्या अधिवेशनांचे अहवाल आहेत की,
एकतीस खंड, लाल कापडी बांधणी.
त्यांच्यावरची परीक्षा तशीही रद्द झाली आहे.

अट एकच: जाळण्याआधी वाचायचं.
न वाचता जाळणं आपल्या पूर्वसूरींना शोभतं, ते म्हणाले,
आपण पदवीचे विद्यार्थी आहोत.

मग रोज एक जण मोठ्यानं वाचायचा
गव्हाचे आकडे, ट्रॅक्टरचे आकडे,
(टाळ्या), (प्रदीर्घ टाळ्या),
(सर्व प्रतिनिधी उभे राहतात),
आणि आम्हीही उभे राहायचो,
पायांना मुंग्या आलेल्या असायच्या म्हणून.
पान आत जायचं.
पुठ्ठे मात्र हट्टी, धुमसत राहायचे.
एतेरीनं हिशेब मांडला होता:
चहाच्या एका किटलीला
एक पंचवार्षिक योजना लागते.

हजेरीपटाला हात लावायचा नाही.
लामारा, विभागाच्या कारकून,
कपाटाची किल्ली गळ्यात घालायच्या, शालीच्या आत.
नऊच्या ठोक्याला त्या नावं वाचायच्या,
गोचाचंही.
गोचा सप्टेंबरात समुद्राकडच्या लढाईवर गेला होता.
त्याची आई पुलापाशी अक्रोड विकायची,
आमच्याकडून पैसे घ्यायची नाही
आणि विचारायचीही काही नाही.
त्याच्या नावानंतर लामारा थांबायच्या,
माणूस दोन जिने चढून येईल इतका वेळ,
मग पेनाच्या टोकावर वाफ सोडून
लिहायच्या: गैरहजर.
कुणीतरी हळूच काही सुचवलं एकदा.
पटात तसला रकाना नाही, त्या म्हणाल्या,
आणि मला कुणी तसा कागद आणून दिलेला नाही.

माझ्या वाट्याला तेविसावा खंड आला.
चारशे बाराव्या पानाच्या समासात
पेन्सिलीची अक्षरं, बारीक, डावीकडे कललेली:
आज सूप चांगलं होतं.
पाचव्या तासाला झोप.
गोचा म्हणतो, उन्हाळ्यात स्वानेतीला जाऊ.

कुणी दुसराच गोचा.
कार्डावरची शेवटची तारीख अडुसष्ट सालची,
आमचा तेव्हा जन्मलाही नव्हता.
हे मला कळत होतं.
तरी कापसाच्या उत्पादनापाशी माझा आवाज गेला.
पुस्तक मिटून मी कोटात घातलं
आणि त्या दिवशी शेगडीत माझी वही गेली,
दोन वर्षांची टिपणं, लाल रेघांसकट.
नुगझार सर हात शेकत म्हणाले,
आजचा जाळ जरा बारीक वाटतो.

आता खोलीत रेडिएटर आहेत.
हजेरी यंत्र घेतं, अंगठा टेकला की हिरवा दिवा.
पहिल्या वर्षाची मुलं विचारतात,
प्राथमिक साधन कशाला म्हणायचं, दुय्यम कशाला,
मी व्याख्या सांगतो,
परीक्षेत हीच लिहा म्हणतो.

खंड घरी आहे, कार्ड अजून आत.
ग्रंथालयाचा दंड किती झाला असेल, काढलेला नाही;
मध्ये दोनदा चलन बदललं.

एका उन्हाळ्यात मात्र
मी स्वानेतीला जाऊन आलो.
चारही दिवस धुकं होतं. डोंगर दिसले नाहीत.
सूप बरं होतं.