सगळ्यात हळू

सगळे विचारतात, मिनिटाला किती टाके?
दोमितिलाने विचारलं,
सगळ्यात हळू किती?

ताकुआरेम्बोतल्या बंद पडलेल्या सोफा-कारखान्यातून
मी आणलं होतं ते धूड.
पेडलला बूट नुसता लागला
की वीतभर कातडं शिवून मोकळं.
ती म्हणाली, हिला थांबायला कुणी शिकवलंच नाही.

पाय मात्र अस्सल. चालता पाय,
सुईबरोबर पाऊल टाकणारा,
दोन थर एकमेकांवरून घसरू न देणारा.
म्हणून ठेवली.

घुरघुरणारी मोटर उतरवली, अबोल बसवली.
मध्ये एक पुली, ताटाएवढी.
पट्टा बोटाने दाबून पाहिला,
अर्धा इंच आत गेला. पुरे.

सांगून ठेवलं तिला:
शनिवारी तेल. वात कोरडी पडू देऊ नका.
बॉबिनखालचा मेणाचा चुरा ब्रशने,
फुंकर नको, आत जाऊन बसतो.
सुई तुटायच्या आधी बदला.
ती ऐकत होती, डाव्या हाताने
उजवा हात चोळत. पक्षाघातानंतर
तो जरा उशिराच येतो, म्हणाली, बोलावल्यावर.

मार्चमध्ये गेलो तर एवारिस्तोचं खोगीर
मशीनवर होतं. कोपऱ्यात, जिथे चार थर येतात,
तिने मोटर बंद केली
आणि चाक हाताने फिरवलं.
एक टाका. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

मी म्हटलं, मग मोटर कशाला बदलून घेतलीत?

ती हसली.
पैसे मोजले, दोनदा,
आणि एक नोट परत घेतली. तेलाची.