हातचा एक चमचा

ग्वादियाना इथे इतकी अरुंद
की पलीकडे कुणी बशी आपटली तरी ऐकू येतं.
या काठी अल्कोतिम, पोर्तुगालचं.
त्या काठी सानलुकार, स्पेनचं.
मधे एक होडी, आणि एक तास.
त्यांचं घड्याळ आमच्यापुढे धावतं,
कुठे पोचतं कोण जाणे.

माझ्या पिशवीत दोन्ही भाषांतले फॉर्म.
प्रश्न तोच: काल,
उठल्यापासून निजेपर्यंत,
काय खाल्लंत, काय प्यायलात,
त्यात साखर किती?
वरून घातलेली तेवढीच सांगा.
अंजिराला माफी आहे.

फिर्मिनु, वय चौसष्ट, होड्या रंगवतो.
"एक पुडी. कॉफीत. बस."
बशीत फाडलेल्या तीन.
मी बशीकडे बघते, तो नदीकडे.
"त्या दोन हिच्या," म्हणतो.
ही जाऊन सहा वर्षं झाली,
गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.
फॉर्मवर अशी चौकट नाही.
मी तीन लिहिते, खोडते, एक लिहिते,
पुन्हा खोडते. कागद तिथे पातळ होतो.
निघताना तो माझ्या हातात एक पुडी ठेवतो,
न फाडलेली. "हिची एक राहिली होती."

पलीकडे रेमेदियोसबाई, एक्याऐंशी.
साखर: शून्य.
डबीतून गोळ्या पाडतात, टिक, टिक,
थांबून, मनात काही मोजून, आणखी एक टिक.
"माझी आई रात्री ही नदी ओलांडायची,
परकराखाली कॉफीच्या पिशव्या,
आणि या गोळ्यांची बाटली छातीशी.
तेव्हा आडवा यायचा शिपाई.
आता डॉक्टर.
शिपायाला निदान एक पिशवी दिली की तो ऐकायचा."
बोलता बोलता मधात बुडवलेली
तिसरी तळलेली वडी संपते.
"मध लिहू का?"
"तो मधमाशीचा. हिशेब तिच्याकडे माग."

झुल्मिरा राहते या काठी, भांडी घासते त्या काठी,
शाळेच्या खानावळीत.
सकाळी तिचा एक तास नदीत पडतो,
संध्याकाळी परत मिळतो, ओला.
पाच वाजता तिथे उरलेला केक,
होडीत बसते, उतरते, तर चार वाजून सात मिनिटं.
आईच्या ओट्यावर पुन्हा पाच वाजेपर्यंत बसायचं,
पुन्हा केक.
"दोनदा कसं लिहाल? पाच तर एकच."

लिस्बनहून फोन येतो:
साधारण कल काय दिसतो? कोणता काठ जास्त गोड?
मी म्हणते, बेरीज चालू आहे.
बेरीज चालूच असते.
दर पानावर एक हातचा उरतो
आणि पुढच्या घरात मांडायला जावं
तर ते घर दुसऱ्या देशात.

शेवटची होडी. नावाडी बोलत नाही,
त्याच्या गालात बिनसाखरेचं काहीतरी चघळलं जातंय.
पाणी काळं, दोन्ही गावांचे दिवे त्यात सरमिसळ.
खिशात पुडी लागते. दमट, कडेला गोळा झालेली.
मी दातांनी फाडते.

उद्या माझाच फॉर्म कुणी भरायला बसलं
आणि विचारलं, काल?
तर सांगेन, काही नाही.
सानलुकारात सव्वासात झाले होते,
अल्कोतिमात सव्वासहा व्हायचे होते.