कानातली खूण

आमच्या प्रत्येक मेंढीच्या कानाला कातरलेली खूण असते.
उजव्याचं टोक उडवलेलं, डाव्याला मागून खाच:
ही आमची, पणजोबांच्याही आधीपासून.
धुक्यात नुसता कान चाचपून सांगतो मी
हिची आई कुठली, आजी कुठल्या कड्यावरून गेली,
कुठल्या एडक्याची कोकरं
पहिल्या हिवाळ्यात तग धरत नाहीत.
वहीत आहे सगळं.
मेंढ्यांचं.

टोर्सहाऊनहून फोन आला तेव्हा मी लोकर काढत होतो,
हात कोपरापर्यंत ओशट.
सुन्वा नऊ दिवसांची.
तिच्या टाचेला टोचून टिपकागदावर घेतलेले थेंब
आमच्याआधीच कुणीतरी वाचले होते.

डॉक्टरीणबाई समजावत होत्या, घाई न करता:
गोदाम भरलेलं आहे, चूलही पेटती आहे,
पण गोदामातून चुलीपर्यंत नेणारा हमाल
हिच्या अंगात टिकत नाही,
लघवीवाटे निसटून जातो.
कार्निटिन म्हणतात त्याला.
औषध रोज तीनदा. उपाशी झोपवायचं नाही.
ताप आला, उलटी झाली, तर होडीची वाट पाहू नका,
हेलिकॉप्टर मागवा.
मोठी झाली की मटण खाऊ द्या भरपूर,
पण तेवढ्यानं भागणार नाही.

मटण! मी हसलो. इथे दुसरं पिकतं काय?
रान्वा हसली नाही.
"एक चूक तुमच्याकडून, एक यांच्याकडून,"
बाईंचं पेन आधी माझ्याकडे वळलं, मग तिच्याकडे.
चूक नव्हे, बदल, असं त्यांनी लगेच सुधारलं.
पण शब्द सांडून गेला होता.

अठ्ठेचाळीस माणसांचं गाव.
कुणाचं लग्न कुणाशी झालं
हे चर्चच्या नोंदीत आहे, दफनभूमीत आहे,
आणि आता आमच्या मुलीत.

मी आठ वर्षांचा होतो, मार्युन पाच.
दोन दिवस तिला ताप, पोटात काही ठरेना.
आईनं सूप गरम केलं, वाटी घेऊन आली,
आणि म्हणाली, झोपू दे, सकाळी खाईल.
मी तिच्या शेजारीच झोपलो होतो.
सकाळी पांघरुणाची माझी बाजू ऊबदार होती.

त्यानंतर आई रोज रात्री
माझ्या उशाशी पावाचा तुकडा ठेवी.
का ते कधी बोलली नाही,
मीही विचारलं नाही. खात गेलो.

कागद खिशात घालून क्लाक्सविकला गेलो,
आई राहते त्या वृद्धाश्रमात.
सगळं सांगितलं: हमाल, गोदाम, दोन बदल.
"बघ, तुझं काही चुकलं नव्हतं," एवढंच राहिलं होतं म्हणायचं.
तिनं चष्मा लावला, नाव वाचलं,
कागदाची घडी केली.
"हा सुन्वाचा आहे," म्हणाली. "मार्युनचा नाही."
खरं होतं. मार्युनचं रक्त
कुणी टिपून ठेवलं नव्हतं.
मग बराच वेळ खिडकीबाहेर बघून:
"रात्रीचं कितीला पाजता?"

एयुन चौदा वर्षांचा. त्याला माहीत करून घ्यायचं नाही.
"मेंढी आहे का मी?" म्हणाला आणि होडीवर निघून गेला.
मी त्याला थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं का?
रान्वाचं मत वेगळं आहे.

सुन्वा आता सहा वर्षांची.
औषधानं अंगाला मासळीचा वास येतो, असं पत्रकात छापलंय.
आमच्या गावात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.
यंदा कोकरांचे कान कातरताना
ती शेजारी उभी, एका हातात औषधाचा पेला.
"दुखतं का त्यांना?"
"नाही गं."
"तू विचारलंस?"
कात्री हातात तशीच राहिली.
"पी आधी ते," मी म्हणालो.
तिनं नाक दाबून पेला रिकामा केला
आणि उत्तराची वाट पाहत
तिथंच उभी राहिली.