एक्केचाळीस नंबरचा चर

मार्चमध्ये मी चर बुजवला.
झेनोबिउश म्हाताऱ्याने तुकडा माझ्या नावे केला तेव्हा
किल्ली दिली, फावडं दिलं, गळकी झारी दिली,
आणि फाटकाशी थांबून म्हणाला,
"चराला हात लावू नकोस, बाई."
मी हो म्हटलं.
दिवसभर ट्राम हाकणारी बाई
सगळ्यांनाच हो म्हणते.

मग मोजलं. नऊ मीटर लांब,
कोरडा ठणठणीत, आत नुसता खाजरा झाडोरा.
एवढ्यात काकडीचे चौदा वेल मावतील,
शिवाय लोणच्यापुरता शेपू.
एकोणतीस ढकलगाड्या माती ओतली,
वरून पायाने दाबली.
शेजारच्या बोगुमिवाबाई कुंपणापलीकडून बघत होत्या.
बोलल्या नाहीत.

जूनच्या नऊ तारखेला लागला
तो लागलाच.
एल्ब्लोंगच्या पुढे आमची जमीन
समुद्राच्याही पायरीखाली आहे;
इथं पाणी वाहत नाही, बसतं,
कोटही न काढता बसणाऱ्या पाहुण्यासारखं.
बोगुमिवाबाई मेयोनेजच्या रिकाम्या बरणीत पाऊस मोजायच्या
आणि खोपटाच्या दारावर पेन्सिलीने मांडायच्या.
जुलै संपेपर्यंत दार भरलं,
मग चौकट.

टोमॅटोवर करपा आला, एका रात्रीत, खालून वर.
कोबी पाणी पिऊन पिऊन
आतूनच तडकला; तो आवाज मी ऐकला,
खोटं वाटेल, पण ऐकला.
बिनशंखाच्या गोगलगायी,
बोटाएवढ्या, विटकरी,
संध्याकाळी सहकुटुंब जेवायला येत.
मी त्यांना बिअर पाजली. मेल्या सुखाने.
दुसऱ्या दिवशी मयताला आलेले
त्यांचे सगळे नातेवाईक जेवायला थांबले.

"तुझं पाणी माझ्या गाजरांत आलंय,"
बोगुमिवाबाई एकदाच म्हणाल्या.
माझं पाणी!
जसं काही मी डब्यातून आणलं होतं.

त्या रात्री शेवटची ट्राम डेपोत लावून
तशीच आले, गणवेशात, डोक्याला दिवा बांधून.
आपणच भरलेली माती उकरणं
हे वेगळं काम आहे. ती जड असते.
चिखलाने डावा बूट ओढून घेतला,
मी मोज्यावर खणत राहिले.
चौदातले अकरा वेल मुळांसकट बाजूला टाकले,
तीन राहिले, का राहिले माहीत नाही,
फावडं तिथं वळलंच नाही.

हातभर खाली विटा लागल्या.
पिवळ्या, उभ्या रचलेल्या, उताराला नेमक्या.
एकीवर कुणाचं तरी नाव, अर्धं,
आमच्या भाषेतलं नव्हे.
झेनोबिउशच्याही आधी इथं कुणी
पावसाळी वर्षाचा विचार केला होता.
ती माणसं कुठं गेली
हे आमच्या गावात कुणी जेवताना काढत नाही.
मी वीट पुसली आणि होती तिथं ठेवली.

पाणी निघालं,
कुंपणापर्यंत गेलं
आणि थांबलं.
पलीकडे रास्पबेरीची रांग होती, दाट, बारा वर्षांची,
बरोबर चरावर लावलेली.
पहाटे साडेचारला बोगुमिवाबाई
नवऱ्याच्या रेनकोटात बाहेर आल्या,
माझ्याकडे बघितलं, रांगेकडे बघितलं.
"आंबटच लागायची तशीही," म्हणाल्या
आणि कुदळ घातली.

त्रेचाळीसवाल्या लुद्विकने
चरावर विटांची शेगडी बांधली होती, सॉसेज भाजायला.
तो रविवारपर्यंत भांडला.
सोमवारी पाणी त्याच्या खोपटात शिरलं.

आता कालव्यापर्यंत वाट मोकळी आहे.
तीन वेलांची मिळून दोन बरण्या लोणचं झालं,
एक कुंपणापलीकडे गेली.
काल वृद्धाश्रमात फोन केला:
चर चालू आहे.
तिकडे बराच वेळ खोकला, मग,
"खोल किती?"
हातभर.
"अजून एक वीत."
आणि ठेवला.

पाऊस आहेच.
मी चरात उतरून वीत लावून बघते आहे.
माझी वीत त्याच्याहून लहान.
दोन बोटं जास्तच खणते.