खुंटी नंबर एकोणीस

ती आली तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता,
ऊमेओत चारच्या आत दिवे लागत होते.
एकोणीस नंबरच्या खुंटीवर मी तिचं नाव चिकटवलं: लुवाम.
खुंटी आदल्या मुलाची, जरा वाकलेली.
नीट करीन म्हणालो, राहून गेलं.

इथे शाळेत बूट काढूनच शिरायचं.
तिने काढले, आणि हातात धरून बसली
दिवसभर, गणिताला, जेवायला,
जणू कुणी येऊन म्हणेल, चला, निघायचंय.
मी बघून न बघितल्यासारखं केलं.
मीही असाच बसलो होतो भाषेच्या वर्गात,
झेनित्साहून आलो त्या हिवाळ्यात.
माझ्या हातात टॉर्च होता.
का, ते आता आठवत नाही.

मुलं वाईट नव्हती, हे आधी सांगतो.
मेल्करने तिच्याकडे चेंडू टाकला. तिने पकडला,
फ्रॉकला पुसला, आणि बाईंकडे नेऊन जमा केला.
हशा पिकला. तीही हसली, एक क्षण उशिरा,
आणि तो एक क्षण
सगळ्यांना दिसला.

मग सहा आठवडे चकार शब्द नाही.
बाई म्हणाल्या, भाषा अजून मुरतेय.
मुरायला काय,
बरणीतला कोबी आहे?

माझं काम खाली, सुकवायच्या कपाटापाशी.
ओले हातमोजे, जोडीला जोडी लावायची.
तिचे लाल, कुणाचे तरी जुने, दोन बोटं मोठे.
पहिल्याच बर्फात एक हरवला.
ती उरलेला घालायची, दुसरा हात बाहीत.
विचारलं नाही कुणाला.
विचारायला अख्खं वाक्य लागतं.

आता एक सांगायचं राहिलं.
इथले उत्तरेकडचे लोक तोंडाने 'हो' म्हणत नाहीत.
श्वास आत ओढतात, चटका बसल्यासारखा,
ओठ थोडे आवळून. झाला होकार.
मला आधी वाटायचं, हे सारखे दचकतात कशाला?
दुकानदार, डॉक्टर, पुढे खुद्द माझी बायको.

डिसेंबरात, जेवणाच्या सुट्टीत,
हेडविग, पुढचे दोन दात पडलेली,
ताट घेऊन तिच्यापुढे: बसू इथे?
आणि लुवामने श्वास आत ओढला.
छोटा, कोरडा, अचूक.
हेडविग बसली. बटाटे कुस्करू लागली.
तिला यात काही विशेष वाटलं नाही.
मी शिडीवर होतो. बल्ब हातातच राहिला.

संध्याकाळी आई न्यायला आली,
पांढऱ्या शालीवर जाडजूड जॅकेट.
मी म्हटलं, मुलगी इथल्यासारखं हो म्हणायला शिकली!
थोरल्या मुलाने सांगितलं तिला तिच्या भाषेत.
ती हसली. इथलं कुठलं, म्हणाली,
सेनाफेला माझी आई असंच म्हणते,
तिची आईसुद्धा.
आणि म्हणून दाखवलं.
अगदी ऊमेओचं.

इथेच थांबलो असतो तर बरं.
पण दुसऱ्या दिवशी मेल्करला कळलं,
मग सगळा वर्ग भोवती: पुन्हा कर, पुन्हा कर.
तिने केलं. चारदा.
पाचव्यांदा नाही.
जानेवारीभर नुसती मान हलवत राहिली.
हेडविग मात्र रोज तिथेच बसायची,
आता न विचारता,
म्हणजे होकाराचं कामच उरलं नव्हतं.

एप्रिलात बर्फ विरघळला.
झोपाळ्याखाली लाल हातमोजा सापडला,
चपटा, चिखलाने काळा.
मी धुतला, सुकवला, एकोणीसवर अडकवला.
खुंटी अजून तशीच, घसरला दोनदा.
दोघी आल्या धावत, चिखलाच्या बुटांनी,
ओरडायला हवं होतं मी.
तुझाच ना, मी विचारलं.
तिने श्वास आत ओढला.

मलाही वाटलं, आपण बघावं एकदा.
तीस वर्षं झाली, कधी जमलं नाही.
ओढला, आणि असा ठसका लागला
की डोळ्यांत पाणी.
हेडविग हसली, लुवाम हसली,
आधी कोण
ते मला सांगता येणार नाही.