उजवी पट्टी

कॉर्पोच्या धक्क्यावर टॉर्स्टेनने
वॉशिंग मशीन चढवलं, उजव्या कडेला, दोरीने आवळून.
वेग घेताच बोट कुशीवर कलली.

गुनवोरने सुकाणूशी हुज्जत घातली नाही.
अंगठ्याने बटण दाबलं, मोजून दोन सेकंद.
मागे बुडाशी, बिजागरीवरची स्टीलची पट्टी,
पोळपाटाहून लहान,
पाण्यात जरा वाकली
आणि पाण्यानेच मशीन उचलून धरलं.
क्षितिज पाणसळीत आलं.

सासूच्या बेटावर ते उतरलं.
कॉफी, वेलचीचा पाव,
जुन्या मशीनबद्दल चार वाईट शब्द,
नव्याबद्दल सहा.

परतताना वारा पाठीशी
आणि बोट डावीकडे झुकलेली,
प्रत्येक लाटेच्या उतारावर नाक खुपसून
भलतीकडेच वळू बघणारी.
तिने वाऱ्याला बोल लावला,
मग टॉर्स्टेनला;
तो तर घरीच होता.

लाल बोया मागे पडल्यावर ध्यानात आलं:
मशीन केव्हाच गेलं,
पट्टी अजून
त्याला टेकू देऊन उभी.

बटण वर.
नाक सुटलं, फेस दोन्हीकडे सारखा.
सकाळपासून चढलेला आपला उजवा खांदा
तिने सावकाश खाली सोडला.

धक्क्याला लागेपर्यंत
तो पुन्हा चढला होता.